अर्धा इंच

रेळेकर मास्तर गुरुवारी येतात, सव्वाचारला.
जिन्यात सातव्या पायरीवर थांबतात.
मला ते ऐकू येतं,
आणि वहीतली नोंद मी तिथूनच सुरू करते.

रावपुऱ्यात, वह्या-पेनांच्या दुकानावर माझी ही खोली.
दोन खुर्च्या, समोरासमोर नाहीत, जरा तिरक्या,
ज्याला खिडकीबाहेर बघायचं त्याला बघता यावं म्हणून.
"कसं काय, मास्तर?"
"मजामा," म्हणतात.
आमच्या बडोद्यात मराठी माणूसही बरा असला
की गुजरातीत बरा असतो.
नसला, तर जास्तच.

मजामा तोंडात.
खाली मात्र उजव्या हाताची दोन बोटं
हातात नसलेली टेप गुंडाळतात
डाव्या पंजाभोवती, घट्ट, मग सैल, मग परत घट्ट.
साठ इंच संपले की पुन्हा पहिल्यापासून.

झोप लागत नाही, असं मुलीने सांगितलं होतं.
दुकान बंद केल्याचं ते स्वतः सांगतात,
पाठ ताठ ठेवून, पाठ केलेलं म्हणावं तसं:
"रेडिमेडचा जमाना. आता कोण येतं मापं द्यायला?"
पण धाकट्या भावाचं, प्रल्हादचं, नाव निघालं
की हनुवटी खाली जाते,
अगदी थोडी, दाताने दोरा तोडताना जाते तेवढी.
आणि दोरा काही तुटत नाही.

मी शिकले तेव्हा सगळं सोपं होतं.
हात छातीशी बांधले, म्हणजे दार लावलं.
पावलं दाराकडे वळली, म्हणजे मन निघालं.
पहिली काही वर्षं मी माणसं वाचली
बसवरच्या पाट्या वाचाव्यात तशी.
मग एक बाई आल्या, कायम हात बांधून बसणाऱ्या.
सहा महिन्यांनी कळलं,
त्यांना माझ्या खोलीतला एसी सोसत नव्हता.

आज मी काहीच विचारलं नाही.
खाली कुणीतरी शटर अर्ध्यावर ओढून सोडून दिलं.
माझा श्वास त्यांच्या श्वासामागून चालू लागला होता,
ठरवून नाही; एका रस्त्याने जाणारे दोघे
नकळत एका चालीत येतात, तसा.
बोटं थांबली.

"मॅडम, राग नका मानू.
तुमचा डावा खांदा अर्धा इंच खाली आलाय.
दिवाळीच्या आधी नव्हता."

दिवाळीपासून मी रोज संध्याकाळी
सयाजी हॉस्पिटलात एक डबा नेते, डाव्या हातात.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
या खुर्चीत बसून सांगायचंही नसतं.
मी खांदा उचलला नाही. एवढंच जमलं.
पेन खाली ठेवलं.

"प्रल्हादचा उजवा," मास्तर म्हणाले. "पाऊण इंच.
भाचीच्या लग्नाला त्याचा कोट शिवायला घेतला, तेव्हा दिसलं.
चाळीस वर्षं माणसांच्या पाठी बघतोय मी,
मला दिसणार नाही?
काय रे, म्हणून विचारायचं होतं.
मी आत कापसाची गादी भरली.
फोटोत बघा, एकदम सरळ आहे."

सांगताना त्यांचे दोन्ही हात वर आले होते,
समोर पाठमोरं कुणी उभं असावं असे,
खांद्यापासून खांद्यापर्यंत.
सांगून झालं तरी ते खाली आले नाहीत.
साडेसतरा इंच.
मध्ये खिडकीतला उजेड, आणि उजव्या बाजूला
त्यांचा तळवा जरासा कललेला.

पाच वाजून गेले असावेत;
पुढच्या कुणाची तरी चप्पल दाराबाहेर वाजली.
मी घड्याळाकडे पाहिलं नाही.
मी पाहिलं नाही, हे त्यांनी पाहिलं.