कंसातलं

प्रॉम्प्टर म्हणजे विंगेत पोत्यावर बसलेला माणूस.
मांडीवर वही, वहीवर झिरोचा दिवा,
कानाला मफलर, कारण पौषातली थंडी
धानाच्या बांध्या ओलांडून सरळ शामियान्यात शिरते.
सव्वीस वर्षं मी लोकांच्या तोंडात शब्द घालतोय.
फक्त कंसातलं वाचत नाही.
कंसातलं ज्याचं त्याने करायचं.

पान एकशे बारा.
मायावी करालसेनाची तलवार उडून पडलेली,
सात राज्यं गेली, मंत्र आठवत नाहीत, तो गुडघ्यावर.
राजपुत्र म्हणतो, जा. निःशस्त्रावर मी वार करत नाही.
टाळ्या.
मग (करालसेन कमरेचा खंजीर काढतो).
मग (राजपुत्र वार करतो).
पुन्हा टाळ्या, जास्त.

हे लिहिलं झिंगर मास्तरांनी.
तंबाखू मळत सांगायचे,
"पब्लिकले मुडदा पायजे
अन् हिरोचे हात बी साफ पायजे.
म्हून खंजीर."

चिखलटोल्याला, पटाच्या रात्री,
खंजीर नव्हता.
लाकडाचा होता तो, वर चांदीचा कागद.
पेटीवाल्याचं पोरगं ट्रंकेमागे रजईत
मुठीत धरून झोपलेलं.
ओढला असता तर उठलं असतं.
राहू द्या म्हणाले, सांभाळून घेऊ.

फागू नन्नावरे गुडघ्यावर बसला.
हात कमरेला गेला.
कमरेला नुसता पट्टा.
त्याने माझ्याकडे पाहिलं,
मी वहीत पाहिलं.
वहीत खंजीर होता.

आता बोला.
"जा" म्हणून झालेलं. शब्द दिलेला.
समोरच्याचे हात रिकामे,
मिशीचं काजळ घामाने हनुवटीवर आलेलं.
नाजूक गहाणे, आमचा राजपुत्र,
दिवसा वडशात सायकलींचे पंक्चर काढतो,
तो तलवार वर धरून थांबला.
एक श्वास. दोन. तिसराही.

मागून कोणीतरी ओरडलं,
"मार ना बे, पहाट करतं का?"
मग सगळा शामियाना, मार, मार,
शाल पांघरलेल्या बाया, खुर्चीवरचे सरपंच,
मुरमुऱ्याची गाडी सोडून आत आलेला गाडीवाला,
आईच्या मांडीवर जागं झालेलं एक तान्हंसुद्धा, त्याच्या परीने.

फागूने हात जोडले. हे वहीत नाही.
म्हणाला, "जातो जी मी."
राक्षसाच्या आवाजात नाही.
जेवण झाल्यावर पाहुणा उठतो ना,
तसं.

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा
माझ्या जिभेवर दोन शब्द होते
जे कुणी लिहिलेले नव्हते.
जाऊ दे.
एवढेच.
पण तीन हजार माणूस, पन्नास-पन्नासचं तिकीट,
पुढल्या साली तारीख द्यायची की नाही
ते ठरवणारी मंडळी पहिल्या रांगेत.
मी वाचलं. कधी नव्हे ते कंसातलं, मोठ्याने:
वार करतो.

नाजूकने ऐकलं.
तो माझं नेहमीच ऐकतो.

टाळ्या रोजच्याएवढ्याच.
खंजीर नव्हता हे कुणाला दिसलंच नाही.
म्हणजे इतकी वर्षं
तो काढायचो कुणासाठी?

नंतर हातपंपावर फागू तोंड धूत होता,
काळं पाणी तणसात जिरत होतं.
नाजूक ट्रकच्या मागे एकटाच,
तलवारीवरचा कागद नखाने सोलत.
फागूने हाक मारली,
"ये ना बे, भात थंडा होते.
मेलो तं मी आहो, तुले काय झालं?"
तो आला. जेवला कमी.

पोराला बापाने दुसरा करून दिला,
आमचा परत आला, टोकाशी जरा चघळलेला.
पुढच्या गावी फागूने तो वेळेवर काढला,
नाजूकने वेळेवर मारला,
मी पान उलटलं.

फक्त कमरेकडे हात नेण्याआधी
फागू आता एकदा विंगेत बघतो.
मी वहीत बघतो.