टोपी

टक्.
एवढंच. धडाम नाही, धूर नाही.
दलदलीच्या काठावरून एल्कने मान वर केली
आणि मी नळी ओल्या शेवाळाकडे वळवून
आकडे मोजू लागले, एक ते तीस,
आत्तोने शिकवले होते तसे:
न उडालेल्या काडतुसावर विश्वास टाकू नकोस,
ते कधी कधी उशिरा बोलतं.

त्या रात्री स्वयंपाकघरात
लिंगनबेरीची बादली खाली ठेवून
टेबलावर काच मांडली.
उरलेली एकोणीस काडतुसं बुडावर उभी केली.
पंधरा शहाण्या मुलांसारखी राहिली.
चार डुलली.
बोटाच्या टोकाने चाचपलं:
टोपी पातळीच्या वर,
केसभर, नखाला अडेल इतकीच.
चापामागच्या त्या टाचणीचा सगळा जोर
तिला आत ढकलण्यातच खर्ची पडला असणार,
ठिणगीपुरता उरलाच नसेल.

आत्तो खिडकीशी बसलेला.
माझ्या भावाचे हात आता कॉफीसुद्धा सांडतात,
म्हणून दोन हिवाळे झाले, दट्ट्या माझ्याकडे आहे.
"खळगा साफ केला होतास?"
केला होता. काजळी खरवडून, ब्रशने.
"टोपी तिरकी गेली?"
नाही.
"मापाची होती?"
डबीवरचं लेबल वाचून दाखवलं.
"मग जोर कमी पडला."
उलट, मी म्हणाले, या चौघांना जास्तच लागला,
दांडा कुरकुरला, आणि मला वाटलं, बसली.
तो गप्प. बऱ्याच वेळाने:
"पितळ कुठलं?"

एन्सिओने दिलेलं. पिशवीभर. फुकट.

भिंग आणलं. बुडावर लष्कराचे आकडे,
आणि खळग्याच्या तोंडाशी बारीक कडं,
टोपी निसटू नये म्हणून कारखान्यात चेपलेलं.
कडं दारात पाय रोवून उभं
आणि मी टोपीला मागून ढकलतेय, जा ना, जा ना.
आत्तो खोकेपर्यंत हसला:
"एन्सिओने टोपी घातली तुला,
आणि तीही धड बसली नाही!"

उपाय साधा. पुढच्या पितळाचं कडं
पात्याने हलकेच कातरायचं, थांबायचं,
अति कातरलं तर टोपी सैल.
ही चार मात्र भरलेली. यांच्यावर पुन्हा दाब द्यायचा नाही,
एवढं मला कळतं.
डब्यात ठेवली, वर लाल चिठ्ठी.
उद्या उजेडात, चष्मा लावून, एकेक सुटं करीन.

पाउलीबरोबर सात वर्षं संसाराची घडी बसली नाही
तेव्हाही मी नुसता जोर वाढवत गेले.
भिंग कुणी आणलं नाही.

आत्तोला झोप लागली, हनुवटी छातीवर.
एक गोष्ट त्याला सांगितली नाही.
एकवीसपर्यंत आले होते मी
तेव्हा भूर्जांच्या खोडांमधून
तांबूस, लांब पायांचं, अडखळत
एक पिल्लू आलं
आणि तिच्या पोटाशी उभं राहिलं.
इतका वेळ ते तिथेच असणार.
मला दिसलं नव्हतं.

बावीस, तेवीस.
तीस झाले तरी बोल्टला हात लावला नाही.
चाळीसपर्यंत मोजत राहिले.