चाळीस ग्रॅम

पुतणी शर्वरी पुण्याहून पत्ते शिकून आली.
रमीचे नव्हेत, टॅरोचे.
लक्ष्मीपुरीतल्या माझ्या दुकानात, वजनांच्या पेटीवर
तिनं ते पसरले. म्हणाली, काका, एक उचला.

मी उचलला. न्याय निघाला.
लाल झग्यातली बाई, दोन खांबांच्या मधे,
उजव्या हातात तलवार, डाव्यात तराजू.

अडतीस वर्षं तराजू दुरुस्त करतोय.
आधी तराजूच बघितला.
म्हटलं, असा हातात धरून चालत नाही, दांडी हलते.
पासंग कुणी तपासला?
यंदाचा सरकारी शिक्का कुठाय?
शर्वरी हसली. अर्थ असा म्हणे,
की केलेलं फिरून येतं, रोजच्या जगण्यात,
कोर्टकचेरीच पाहिजे असं नाही.

त्या बाईच्या डोळ्यांवर पट्टी नव्हती.
ते मला आवडलं नाही.

मंगळवारी गोकुळा चौगले आली,
वडणग्याची, कपिलतीर्थ मंडईत बसते ती.
पिशवीत पितळी पारडी, साखळ्या गुंतलेल्या.
"इलेक्ट्रॉनिक काटा बिघडलाय, दादा.
मालकांचा जुना काढलाय. तेवढा घासून द्या."

पारडं उलटं केलं
आणि माझंच काम माझ्यासमोर आलं.
बुडाशी शिशाचा डाग, रुपयाएवढा, जाड,
कडा कानशीनं मारलेल्या, डावीकडून उजवीकडं.
मी अशाच मारतो.

शिवाप्पा चौगले तेव्हा दुकानाच्या फळीला टेकून
म्हणाला होता, चाळीस ग्रॅम बसव, कुणाला कळतंय.
मी पंधरा रुपये घेतले.
बायकोला पायताण घ्यायचं होतं.
असलं एखादं कारण माणूस बरोबर लक्षात ठेवतो.

शिवाप्पाला जाऊन नऊ वर्षं झाली.
बाई समोर बसून चहा फुंकत होती, सांगत होती,
"गिऱ्हाईक माझं तुटत न्हाई, दादा.
काटा सरळ झाला की मी वर मूठभर टाकतेच.
दोडका असू दे, घेवडा असू दे. पहिल्यापासनं."

मूठभर घेवडा
मी मनातल्या मनात तोलला.
मूठ तिची लहान आहे.

ठाऊक होतं का तिला?
मी विचारलं नाही.
बशी खाली ठेवताना एवढंच म्हणाली,
"मालक असताना तोंड न्हाई उघडायचं.
आपलं आपण भागवायचं."

शिसं तापवून काढलं, त्याची गोळी झाली.
मग कानस फिरवली.
तलवारीचं काम आमच्यात कानस करते,
आवाज जास्त, रक्त नाही.
रिकामी पारडी टांगली. काटा हलला,
हलला,
मधोमध थांबला.

"किती झाले?"
काही नाही, म्हटलं.
"असं कसं," म्हणाली आणि साठ रुपये
पेटीवर ठेवून गेली.
मी ते उचलले. हे सांगताना खाली बघतोय.

शुक्रवारी मुद्दाम मंडईत गेलो.
किलोभर घेवडा मागितला.
काटा सरळ झाला. आता खराच सरळ.
तरी तिचा हात ढिगाकडं गेला,
मूठ भरून माझ्या पिशवीत.
म्हटलं, बाई, आता कशाला?
"सवय," म्हणाली,
आणि पुढच्या गिऱ्हाइकाला कोथिंबीर झटकून दाखवली.

दुकानात येऊन पिशवी तोलली.
एक किलो चाळीस.
खरं सांगतो, दोनदा तोलली.

पत्ता शर्वरी विसरून गेली,
नाहीतर मुद्दाम ठेवला असेल.
परत बघितला. झग्याखालून
पांढऱ्या जोड्याचं टोक पुढं आलंय त्या बाईचं.
नीट बसलेली नाही ती. उठायच्या बेतात आहे.
कुठं निघालीय, मंडईत?

शिशाची गोळी गल्ल्यात पडून आहे.
सुट्टे काढताना बोटाला लागते.