कुरूप

डिगरी नॅन्कॅरोचा डावा पाय
कोमट पाण्याच्या टबात, वीस मिनिटं.
केरेन्सा ब्लेड पुसते. मी टॉवेल धरून उभा,
शिकाऊ माणसाला एवढंच काम.
खिडकीबाहेर कापणी झालेलं शेत, त्यात कावळे,
आणि त्यांच्यापलीकडे समुद्र, जो कॉर्नवॉलमध्ये
कुठल्याही खिडकीतून शेवटी दिसतोच.

'हे कॉर्न,' करंगळीकडे बोट दाखवत म्हातारा म्हणतो,
'आणि ते बाहेर कापलं, तेही कॉर्न.
दोघांची साधी ओळख नाही.
शेतातलं आलं दाण्याच्या घरातून,
पायातलं शिंगाच्या.
एका नावाचे दोन भाडेकरू,
पोस्टमन जन्मभर पत्रं चुकवतो.'

चाळीस वर्षं हा गिरणीत काट्यावर होता.
पोती तोलता तोलता शब्द तोलायची खोड लागली.
वजनाच्या पावत्यांच्या पाठीवर पेन्सिलीनं,
सगळे बिस्किटाच्या डब्यात कोंबलेले.
वाच, म्हणतो.

कर्नल: लहानगं कॉर्न, कवचातला दाणा.
(फौजेतला वेगळा. त्याला सलाम करून पुढे जा.)
कॉर्न्ड बीफ: डब्यात कणीस शोधू नये.
दाणे मिठाचे होते, जाडेभरडे.
एकॉर्न: ओकचं फळ. ह्यात कॉर्न मागाहून घुसलं,
लोकांना तसं ऐकू आलं म्हणून.
मूळ शब्द न नांगरलेल्या रानाचा.
युनिकॉर्न: शिंग एक. दाणे शून्य.

बहीण आयोवात. फोनवर सांगते,
कॉर्न माझ्या डोक्यावर गेलंय.
'ती मक्याचं बोलते. मी गव्हाचं ऐकतो.
वर स्कॉटलंडात ते ओट होतं.
ज्याचं पोट ज्यावर, त्याचं ते कॉर्न.'

केरेन्सा तासू लागते.
पातळ पापुद्रे, पिवळट, उजेड आरपार जाणारे.
पूर्वी कंदिलाला अशाच काचा असत, ती म्हणते,
गुराचं शिंग उकळून, चिरून, तासून केलेल्या.
वर्तमानपत्रावर ढीग होतो चिमूटभर.

कोपऱ्यात (हाही शिंगाच्याच घरचा)
खुंटीवर कॉर्नेट. लहान शिंग.
जेनिफरचं. बँडमध्ये दुसऱ्या रांगेत बसायची.
ती गेल्यावर हा चॅपलच्या हॉलमध्ये
दहा वर्षांच्या पोरांबरोबर शिकायला गेला.
आमच्यात म्हणतात, शिंगं मोडून वासरांत;
हा शिंग घेऊनच शिरला.
दोन मंगळवार गेला. तिसऱ्याला पाऊस होता, म्हणतो.
पितळेवर आता हिरवट बुरा.

डब्याच्या तळाशी कॉर्नवॉल:
नकाशात बघ, समुद्रात खुपसलेलं शिंग.
शिंगवाल्यांचा मुलूख, असं म्हणतात.
'म्हणतात'खाली दोन रेघा.

'तुमच्यात काय म्हणतात ह्याला?'
कुरूप, मी सांगतो.
'म्हणजे?'
ज्याचं रूप वाईट, ते.
तो इतका हसतो की ब्लेड थांबवावं लागतं.
'दाणा नाही, शिंग नाही, सरळ तोंडावर!'
'पायावर,' केरेन्सा म्हणते. 'हलू नका.'

मग मीही दोन पावत्या भरतो, वाचलेलं आठवून.
तुमचं हॉर्न आणि आमचं शिंग
फार मागे एका आईचे.
आणि शेतातल्या कॉर्नचा आमच्याकडे एक भाऊबंद:
जीर्ण.

'अर्थ?'
पिकून, झिजून जुनं झालेलं.
तो पेन्सिल ओठांना लावतो.
'माणसांना वापरतात?'
कपड्यांना, मी म्हणतो. देवळांना.
खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं.

लिहून घेतो तो. माझ्याकडून देवनागरीत लिहवून घेतो,
बाजूला तारीख आणि, सवयीनं, वजनाचा रकाना,
रिकामा.
मग उघडा पाय फरशीवर ठेवतो,
आधी टाच, मग जपून करंगळी,
काट्यावर कोणी पोतं उतरवावं तसा,
आणि काटा स्थिर व्हायची वाट बघत
तसाच उभा राहतो.