पाठराखण

चाळीस वर्षं मी टार्टूतल्या पियानोंचे सूर लावले.
शाळांचे, चर्चच्या तळघरातले,
एका दंतवैद्याच्या घरचा, ज्यात उंदरीण व्याली होती.
तार कितपत ओढली की बोलते
आणि कितपत ओढली की तुटते, एवढंच माझं शिक्षण.
प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर हात राहिले, कान राहिले.
मधलं एक झाकण तेवढं सैल झालं.

टीयूनं दोन पाकिटं आणून टेबलावर ठेवली,
राईच्या पावाशेजारी,
आणि खिडकीकडे बघत म्हणाली, "दोन्ही वापरून बघा."
माझी लेक हिशेबनीस, तिला रकाने लागतात.
मी रकाने आखले नाहीत. कान लावला.

आधी प्लास्टिकच्या पाठीचा.
उभा राहिलो की कुरकुर, वाकलो की चुरचुर,
पातळ बर्फाच्या पापुद्र्यावर कुत्रं चालावं तसा.
काळी चारच्या आसपास, पण धड एका पट्टीत नाही.
रात्रीला मात्र इमानी.
पहाटे चादर कोरडी, वास आतल्या आत कोंडलेला,
पट्टी तिरकी बसली तर सोलून पुन्हा लावा, रागवत नाही.
आत घाम फुटतो, सौनात बसल्यासारखा,
फक्त पाठीवर मारायला बर्चच्या डहाळ्या नाहीत.

मग कापडी पाठीचा. मुका.
धुऊन धुऊन मऊ झालेल्या फ्लॅनेलसारखा.
हवा खेळती राहते म्हणे.
राहते खरी, पण हवेच्याच वाटेनं
थोडी ओलही बाहेर डोकावते.
तीन-चार तासांनी हात लावला
तर धुक्यात विसरलेलं वर्तमानपत्र.
त्याच्या पट्ट्यांना बारीक आकडे,
लोकरीच्या बनियनला धरतात ते सोडता सोडत नाहीत.
आणि कापडी तरी कुठला कापडी!
बोटांनी चाचपून सांगतो,
तेही प्लास्टिकच,
फक्त कुजबुजायला शिकलेलं.

ठरलं. रात्र प्लास्टिकची, मैफल कापडाची.

फेब्रुवारीत एमायोगी गोठली होती.
विद्यापीठाच्या सभागृहात चार वाद्यांची मैफल,
सातवी रांग, शेजारी साल्मे,
बियाण्यांच्या प्रयोगशाळेत जन्म गेला तिचा,
दरवर्षी याच खुर्चीत, नमस्कारापुरती ओळख.
संथ भागात एक विराम आला.
चार गज हवेत थांबलेले.
साल्मेनं पाय बदलला.
चुर्र.

मी मान वळवली नाही. कान काय, ओळखतोच.
काळी चार.
हातून दुसऱ्याच्या घरचा कप फुटावा
तसे तिचे खांदे आत गेले,
आणि मग मध्यंतरातही ती उठली नाही,
कोट मांडीवर घट्ट धरून बसली.

मार्चच्या मैफलीला
मी प्लास्टिकचा लावून गेलो.
मुद्दाम. जाड पँट होती, तरी तिच्यातूनही ऐकू जाईल असा.
जिन्यावर एकेक पायरी मोजून चढलो.
वाटलं, वाजला तर दोघांचा वाजू दे,
कुणाचा कुठला ते कोण शोधतंय.

साल्मे आली, बसली, पाय बदलला.
आवाज नाही.
तिनंही पाकीट बदललं होतं.

विराम आला. मी श्वास धरला,
पण शरीर कधी आपलं ऐकतं?
चुर्र. एकटा. सभागृहभर.
पुढच्या रांगेतली एक मान वळू लागली.

तेव्हा साल्मेनं पर्स उघडली.
खोकल्याची गोळी काढली
आणि तिचा कागद सोलायला घेतला,
सावकाश, चवीचवीनं,
चर्र, चुर्र, कर्र,
विराम संपून व्हायोलिन सुरू झालं तरी सोलतेच आहे.
सगळ्या माना तिच्याकडे.
कुणीतरी दातांतून "श्श" केलं.
तिनं चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही,
गोळी माझ्या तळहातावर ठेवली.

बडीशेपेची होती.