उणे ऐंशी

बाहेर सत्तेचाळीस.
रास अल खैमाच्या खाडीकाठी पत्र्याची शेड,
शेडमध्ये एसी, एसीखाली मी,
आणि माझ्या कोपराशी गुरगुरणारा फ्रीजर :
उणे ऐंशी.
दार उघडलं की पांढरा श्वास गुडघ्यांवर येतो.
या किनाऱ्याने पाहिलेलं
बहुधा एवढंच हिमयुग.

याकूब परकार दाभोळचा. होडी त्याची नाही,
पण ओहोटी केव्हा, हे त्यालाच विचारावं लागतं.
पहाटे तो खडक खरवडून आणतो
नखाएवढे काळपट शिनाणे,
बादली ठेवतो, म्हणतो,
"आपल्याकडे हे कुणी उचललं नसतं, बाय.
रश्शाला वाससुद्धा लागायचा नाही."
मी एकेकाची फट सुरीने उघडते,
कणीएवढं मांस नळीत घालते.
उरलेलं मांजराला.

डॉक्टर मौझाने एकदा नकाशावर तळहात ठेवला,
कुवेतपासून होर्मुझपर्यंत झाकेल असा.
"हे सगळं कोरडं होतं."

बर्फ इथे आलाच नव्हता.
तो पडला दूर उत्तरेला, मैलमैल जाड,
आणि पडून राहिला.
समुद्राने ढगाला दिलेलं
नदीने समुद्राला परत करायचं,
हा जुना उसनवारीचा व्यवहार तिथे अडला.
पाणी उतरत गेलं, वाव, दहा वाव, साठ वाव,
आणि आज जिथे टँकर रांगेत ताटकळतात
तिथून एक नदी चालत होती,
गोडी, काठाला लव्हाळं,
हरणं पाणी प्यायला खाली येत असतील.

शिनाण्याला चालता येत नाही.
त्याने ज्या खडकाला तंतू दिले
तो वाळला, की संपलं.
उरले ते सामुद्रधुनीबाहेरचे.

मग केव्हातरी बर्फ सुटला.
सपाटीवरून पाणी आत शिरू लागलं,
वर्षाला शे-दीडशे पावलं,
माणूस झोपडी उचलून मागे सरकेल अशा बेताने.
पाण्यात शिनाण्यांची पिल्लं, डोळ्यांना न दिसणारी,
काही आठवडेच काय ते पोहण्याचे.
जी आत आली ती आली.
थोडीच आली.

मशीनवर अक्षरं येतात, चारच : ए, सी, जी, टी.
फुजैराकडच्या शिनाण्यांत ओळी वळतात,
अडखळतात, फुटतात.
आमच्या खाडीतल्या चाळिसांत
तीच ओळ, तीच ओळ, तीच ओळ,
शिक्षा म्हणून फळ्यावर लिहून घेतल्यासारखी.

याकूबला सांगितलं. तो टोपी काढून ऐकत होता.
"म्हणजे आमच्या बिल्डिंगसारखं.
सत्तरीत एकटा अब्बास वांगडे आला,
मग त्याचा मेव्हणा, मग मेव्हण्याचा मेव्हणा.
आता आख्ख्या मजल्यावर दोनच गावं."
हसला. मग हसू आवरून म्हणाला,
"पण एकाला खोकला झाला ना, की सगळ्यांना होतो."

मी ते वहीत लिहून ठेवलं,
जिथे निष्कर्ष लिहायचे असतात तिथे.

एकतिसाव्या नळीत मात्र एक अक्षर वेगळं.
पुन्हा लावलं. पुन्हा तेच.
तिसऱ्यांदा मौझा शेजारी उभी राहिली.
नवं असेल, म्हणाली. किंवा फार जुनं.
किंवा कुठल्याशा गलबताच्या बुडाला चिकटून
काल-परवा आलेलं.
याकूबला विचारलं, हा कुठल्या खडकावरचा?
"अंधार होता, बाय. हाताला लागले ते घेतले."

त्याचा शिंपला मी काडेपेटीत ठेवला आहे.
त्याच्यावर काहीच लिहिलेलं नाही.

यंदा उथळ पाणी छत्तीसवर गेलं.
खडकावरचे तोंड उघडे ठेवून मरतात,
एकाच दिवशी, एकाच बाजूने.

शेडची वीज जाते कधीकधी.
जनरेटर लागायला बारा सेकंद.
ते बारा सेकंद मी फ्रीजरचं दार
दोन्ही हातांनी दाबून उभी असते.
ते आपोआप बंदच राहतं,
हे मला माहीत आहे.