विघटन

पुस्तिकेच्या मजकुरात साहेबांनी
पेन्सिलीनं एक शब्द घातला होता.
तो घेऊन मी सुकीकाठच्या मळ्यात गेलो.

रुबाब तडवी केळीची खोडं तोडत होता.
कोयत्याच्या घावासरशी चीक उडत होता,
माझ्या सदऱ्यावर अजून आहे.
विचारलं, विघटन म्हणजे काय, सांगता येईल?
"झालं ना आमच्या फळसोसायटीचं," तो म्हणाला,
"कपाटसुद्धा वाटून घेतलं लोकायनं."

मग मीच बांधावर बसून शिकवायला लागलो.
घट् म्हणजे जुळणं. वि लागला की जुळलेलं सुटतं.
(केळीचा घडही इथलाच असावा,
असं म्हणायचा मोह झाला. पुरावा नाही.)
नासणं नश्‌चं : दिसेनासं होणं.
दूध नासतं तेव्हा दूध निघून गेलेलं असतं
आणि पातेल्यात दुसरंच कुणी बसलेलं.
जिरणं जीर्णाच्या घरातलं, म्हणजे
दुपारची भाकर आपल्या पोटात
हळूहळू म्हातारी होत असते.

रुबाबनं ऐकून घेतलं. कोयता ठेवला.
ढिगांपाशी नेलं.
"हे आंबू राह्यलं."
"हे सडलं, पानी साचलं तठी."
तिथं त्यानंही तोंड फिरवलं.
"अन् हे कुजू राह्यलं. घाल हात."

कोपरापर्यंत घातला.
माघातली सकाळ, सातपुडा धुक्यात,
आणि आत चुलीच्या वैलासारखी ऊब,
कुणीतरी रात्रभर जागल्यासारखी.

"सडतं ते आपोआप, भाऊ.
कुजवा लागतं."

कोशात कुथ् आहे : दुर्गंधी येणे.
कोशकारानं हात घातला नसावा.

शेवटचा ढीग काळा, भुसभुशीत, गार.
याला काय म्हणता?
"त्याले काय म्हनाचं? माती."

पुस्तिका छापून आली. पान नऊ, विघटन.
पुढं मी कंसात लिहिलेलं, कुजवणे.
कंस तेवढे राहिले, शब्द नश् झाला.

रुबाबला एक प्रत नेऊन दिली.
त्यानं वाचली नाही. पान बोटात धरून
चोळून बघितलं, गुळगुळीत, चकचकीत.
"हा कागद कुजाचा नाही," म्हणाला,
"घेऊन जा परत."